पेन ड्राइव्हवरचा कोर्स घेण्याआधी अटी लेखी घ्या

माझी मुलगी सीए इंटरची तयारी करते. क्लास बाहेरगावचा, त्यामुळे लेक्चर पेन ड्राइव्हवर. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका विक्रेत्याकडून साडेचौदा हजारांना घेतला. "काय काळजी करू नका ताई, एकदा घेतला की तुमचाच. परीक्षा होईपर्यंत कितीदाबी बघू दे," हे त्याचे शब्द, मुलगी शेजारी उभी होती. बिलावर मात्र एवढंच लिहिलं: 'पेन ड्राइव्ह, १ नग'.

ऐन पावसाळ्यात लॅपटॉप बंद पडला. शाहूपुरीतल्या दुरुस्तीवाल्यानं मदरबोर्ड बदलून दिला. घरी येऊन पेन ड्राइव्ह लावला, तर धड्यांची नावं सगळी दिसत होती, पण एकही उघडेना. पडद्यावर मेसेज आला की हे लायसन्स या मशीनसाठी नाही.

यामागचा प्रकार दुरुस्तीवाल्याकडूनच कळला. हे व्हिडिओ एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे कुलूपबंद असतात आणि फक्त त्यांच्याच प्लेअरमध्ये चालतात. पहिल्यांदा 'की', म्हणजे कोर्स उघडायचा कोड, टाकला की प्लेअर मदरबोर्ड, हार्ड डिस्कचे नंबर वाचतो आणि लायसन्स त्या मशीनला बांधतो. पार्ट बदलला की त्याच्या लेखी तो लॅपटॉपच दुसरा.

विक्रेता म्हणाला, नवीन कीचे साडेतीन हजार पडतील, आणि त्यावर 'उरलेले तास'च मिळतील. तासांची भानगड तेव्हा पहिल्यांदा कानावर आली. लेक्चर जेवढ्या तासांचं, त्याच्या दीडपटच बघायला मिळतं, आणि मागं नेऊन पुन्हा बघितलं तरी तास कापले जातात. पोरीनं कॉस्टिंगची गणितं सोडवताना तेच तर केलं होतं. थांबवायचं, मागं न्यायचं, वहीत उतरवायचं. म्हणजे जी मन लावून अभ्यास करते तिचेच तास आधी संपणार! याचा मला फार राग आला, अजून येतो.

मी आवाज चढवल्यावर तो कायद्यावर आला. "बाहेर कुठं उघडून घेतलं तर कॉपीराइटमधी दोन वर्षं आत जाल." असं बोलून माणसाला गप्प करतात, म्हणून नीट सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूनं असं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, हे खरं. पण त्याच कलमात, कायद्यानं मनाई नसलेल्या कामासाठी सवलतही ठेवली आहे. ते काही असो, टेलिग्रामवरचे क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेले, प्लेअर लॅपटॉपवर घेऊ नका. त्यात काय दडलंय ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि आपली बाजू विनाकारण लंगडी होते.

शिकवणाऱ्यांच्या मेहनतीची चोरी होऊ नये हे मला मान्यच आहे. लावा कुलूप. पण कुलूप आहे हे पैसे घेण्याआधी सांगा. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांची विकत घेतलेली पुस्तकं उघडायची बंद झाली. पण त्यांनी निदान पैसे तरी परत दिले.

तेव्हा घेण्याआधी चार गोष्टी बिलावरच लिहून मागा: किती तास, किती महिने, मशीन बदललं तर नवीन 'की' फुकट मिळणार का पैसे देऊन, आणि विंडोजशिवाय कशावर चालतं. विक्रेता लिहून देत नसेल तर तिथूनच परत फिरा. लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी कोर्सवाल्यांना ईमेल करा. फोनवरचं बोलणं नंतर कुणी कबूल करत नाही. सीएच्या मुलांसाठी परीक्षा घेणारी इन्स्टिट्यूट (आयसीएआय) स्वतः मोफत ऑनलाइन क्लास घेते, मोठी रक्कम भरण्याआधी ते बघा. माझी मुलगी सध्या त्यावरच शिकते.

ज्यांची फसवणूक झाली आहे त्यांनी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनी पुण्याची असो की दिल्लीची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असंही नाही.

मी रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवल्यावर विक्रेत्याचा फोन आला, "ताई, नवीन 'की' फुकट देतो, मिटवून टाका." मी म्हटलं, कापलेले तासही परत द्या आणि दोन्ही लेखी द्या. त्यानं लिहून दिलं नाही. बिल, मेसेजचा फोटो आणि दुरुस्तीची पावती जोडून आयोगाकडची तक्रार तयार केली आहे, याच आठवड्यात दाखल करते.