ऑरेंज: टाइम ट्रॅव्हल राहू दे, तिने डबा दिला का नाही ते सांगा

भाची अकरावीत गेली म्हणून तिला मोबाईल हवा होता, तो काही मी देणार नव्हते, मग तडजोड म्हणून तिच्या यादीतली मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा मागवली. इचिगो ताकानोची 'ऑरेंज', सेव्हन सीज या प्रकाशनाने इंग्लिशमध्ये काढलेले दोन जाडजूड भाग. तिला देण्याआधी जरा चाळून बघू म्हणून रात्री साडेदहाला पहिला भाग उघडला आणि दोन वाजता तो संपवून ओट्यापाशी उभी राहून पाणी पीत होते, डोळे सुजलेले. सकाळी भाचीचा फोन आला तर सांगितलं पार्सल अजून यायचंय. खोटं बोलले, पण मग दुसरा भाग आधी कोणी वाचला असता?

तर गोष्ट अशी. जपानमधल्या नागानो भागातलं मात्सुमोतो, डोंगरांनी वेढलेलं गाव. नाहो ताकामिया ही सोळा वर्षांची मुलगी, हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षात, म्हणजे आपली अकरावीच धरा. तिकडे शाळा एप्रिलमध्ये सुरू होते, साकुरा, म्हणजे चेरीचा मोहोर, फुललेला असतो, आणि पहिल्याच दिवशी हिला पत्र येतं. पाठवणारी ती स्वतःच, दहा वर्षांनंतरची. पत्रात काय, तर आज तुला उठायला उशीर होईल, वर्गात तोक्योहून काकेरू नारुसे नावाचा मुलगा येईल, तुझ्या शेजारी बसेल. सगळं तस्संच होतं. मग पत्रात एक विनंती येते की आज शाळा सुटल्यावर काकेरूला तुमच्यात बोलवू नका. पण आता मित्रमैत्रिणींचा ग्रुप म्हटल्यावर नवीन पोराला कोण एकटं सोडतंय, घेऊन जातातच त्याला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो शाळेतच येत नाही, दोन आठवडे. का येत नाही ते मी सांगणार नाही. पण ते कळल्यावर मी मागे जाऊन पहिल्या प्रकरणातली त्याची सगळी चित्रं परत बघितली. सगळीकडे हसतोय.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते कारण हे न सांगता कोणाच्या हातात पुस्तक देणं बरोबर नाही. ही आत्महत्येची गोष्ट आहे. दहा वर्षांनंतर काकेरू या जगात नसतो हे सुरुवातीलाच कळतं, आणि ज्यांना तो वाचवता आला नाही ते पुढची सगळी वर्षं काय घेऊन जगतात त्याच्यातून ही पत्रं आलेली आहेत. मुखपृष्ठ बघून वाटतं की गोड शाळकरी प्रेमकथा असेल, तशी ती आहेही, पण आत हे आहे. घरात कोणी नाजूक अवस्थेतून जात असेल तर आधी स्वतः वाचा, मग ठरवा. मी भाचीला दिलं, पण आधी आम्ही दोघी बसून बोललो. तिच्या कॉलेजात टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 हा नंबर भिंतीवर लावलाय हे मला तेव्हा कळलं.

आता मला खरं काय आवडलं ते. भविष्यातून पत्र आलंय म्हणजे हिरॉइन धावत सुटेल, जग वाचवेल, असं तुम्हाला वाटेल. इथे पत्र सांगतं काय, तर सॉफ्टबॉलच्या मॅचला बॅटिंगला विचारतील तेव्हा हो म्हण. काकेरू डबा आणत नाही, त्याला डबा करून दे. बास. आणि नाहोला हेसुद्धा जमत नाही! ती पहाटे उठून डबा करते, शाळेत नेते, आणि तो पोरगा समोर उभा असताना डबा दप्तरातून बाहेर काढायला तिचा हात उठत नाही. त्या दोन डब्यांवर ताकानोबाईंनी पानंच्या पानं घालवलीत आणि मी अंथरुणात बसून "अगं दे ना गं, दे ना बाई" असं मोठ्याने बोलत होते. भविष्य माहीत असलेली मुलगी, आणि अडतं कुठे तर लाजेपाशी. मला स्वतःचं अकरावीचं वर्ष आठवलं, त्याबद्दल इथे काही लिहिणार नाही.

पत्रात लिहिलेलं खरं झालं का, एवढाच सस्पेन्स आधी असतो. मग एकदा नाहो पत्रापेक्षा वेगळं वागते आणि पुढचं पत्र जुळेनासं होतं, तारखा तशाच पण माणसं वेगळं बोलायला लागतात, आणि मग खरी भीती वाटते कारण आता पत्रावर पण भरवसा नाही. कोड्याची मजा मला इथे आली. काकेरूला विचारलं की तो म्हणतो मी ठीक आहे, आणि वाचताना तुम्हीच डिटेक्टिव्ह होता, हे ठीक खरं का खोटं, डोळे बघ, पाठमोरा का काढलाय बघ. चित्रं म्हणाल तर शोजो, म्हणजे मुलींसाठीच्या मांगात असतात तशीच, मोठे डोळे, मागे बऱ्याचदा रिकामी पांढरी जागा. पण चेहऱ्यावरचा अर्ध्या सेकंदाचा बदल ती बाई असा पकडते की तिथे शब्दच लागत नाहीत.

आणि सुवा. हिरोतो सुवा. फुटबॉल खेळणारा, मोठ्याने हसणारा, नाहोवर मनापासून प्रेम असलेला मित्र. सव्वीस वर्षांच्या नाहोचा नवरा सुवाच आहे, त्यांना एक लहान बाळ आहे, हेही लपवलेलं नाही. म्हणजे सोळा वर्षांची नाहो जितकी काकेरूच्या जवळ जाईल तितका सुवाचा संसार पुसला जाणार, आणि तरी सुवा काय करतो ते तुम्ही वाचा. भाचीचं म्हणणं की सुवा बेस्ट आहे, त्याच्यावर अन्याय झालाय. माझं म्हणणं असं की लेखिकेने त्याला जरा जास्तच देवमाणूस केलाय, एकदा तरी चिडून भांडला असता, काहीतरी वेडंवाकडं बोलला असता तर मला तो जास्त खरा वाटला असता. यावरून आमचं तीन दिवस चाललं, शेवटी ती म्हणाली "मावशी तुला माणसं कळत नाहीत." असेल बाबा.

ग्रुपमधले बाकीचे तिघं पण उगाच गर्दी म्हणून नाहीत. आझुसा बडबडी, घरची बेकरी आहे. ताकाको कमी बोलणारी, पण कोणी नाहोच्या वाटेला गेलं तर उभी राहणारी. हागिता चष्मेवाला, सगळे त्याची टर उडवतात आणि मोक्याच्या वेळी शहाण्यासारखं बोलतो तोच. स्पोर्ट्स डेच्या रिलेचं प्रकरण आहे, बॅटन एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना प्रत्येकजण काकेरूसाठी एक निरोप पुढे सरकवतो. मी तिथे रडले, खोटं कशाला बोलू.

नावडलेलं पण सांगते. पत्रं भूतकाळात गेली कशी याचं स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न केलाय, बर्म्युडा ट्रँगल आणि ब्लॅक होल वगैरे, ते वाचून मला हसू आलं. नसतंच दिलं तर बरं, पत्र आलं म्हणजे आलं, आम्ही कुठे पावती मागत होतो. त्याउलट समांतर जगांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे पत्र पाठवणाऱ्यांच्या स्वतःच्या जगात काहीच बदलणार नाही हे त्यांना माहीत असतं, तरी ते पाठवतात. तिथे घसा दाटतो. आणि काकेरूची आधीची मैत्रीण झालेली ती सीनियर मुलगी उएदा, ती अगदी सिरियलमधल्या वहिनीसारखी वाईट, तिच्या बाजूने एक पानही नाही.

मधे कथा थोडी रेंगाळते. कारण शोधलं तर सापडलं की ही मांगा 2012 मध्ये 'बेस्सात्सु मार्गारेट' या मुलींच्या मासिकात सुरू झाली, मधेच बंद पडली, मग 2014 मध्ये 'मंथली अॅक्शन'मध्ये पुन्हा सुरू होऊन 2015 मध्ये संपली. अॅक्शन म्हणजे मोठ्या पुरुष वाचकांचं मासिक! गोष्ट मात्र तीच राहिली, लाजरी. जपानीत मूळ कथेचे 5 खंड, इंग्लिशमध्ये पहिल्या जाड भागात 3 आणि दुसऱ्यात 2. दुसऱ्या भागात शेवटी 'हारुइरो अॅस्ट्रोनॉट' नावाची जुळ्या बहिणींची वेगळी हलकीफुलकी गोष्ट पण आहे, पण 'ऑरेंज'चं शेवटचं पान उलटून लगेच ती वाचायला जाऊ नका, माझं डोकं तिकडे गेलंच नाही, आठवड्याने वाचली तेव्हा बरी वाटली. यावरची अॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका, 2016 ची आहे, मी दोन एपिसोड बघितले, छान आहे पण वाचताना एका चौकटीवर हवं तितका वेळ थांबता येतं ते तिथे नाही.

पुस्तक म्हणून, छपाई स्वच्छ, कागद साधा, बांधणी घट्ट आहे त्यामुळे मधली पानं पूर्ण उघडत नाहीत आणि कडेचे संवादांचे बलून वाचायला अंगठ्याने दाबून धरावं लागतं. मी ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलं त्याने नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत पाठवलं, एक कोपरा दुमडून आला, बदलून मागितलं तर स्टॉक नाही म्हणे. दुकानात मिळालं तर दुकानातूनच घ्या. आणि उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, माझ्या आईने डावीकडून उघडलं आणि म्हणाली शेवटच आधी छापलाय की यांनी.

किंमत दोन्ही मिळून आपल्या मराठी कादंबरीच्या मानाने जास्त आहे, पण आमच्याकडे मी, भाची, तिच्या दोन मैत्रिणी आणि एकीचा दादा असं पाच जणांनी वाचून झालंय. पाचात साडेचार देते, अर्धा त्या बर्म्युडासाठी कापला. घेणार असाल तर दोन्ही भाग एकदम मागवा, पहिला संपतो तिथे तुम्हाला रात्री दोन वाजता कोणी दुकान उघडून देणार नाही. दुसरा भाग सध्या त्या दादाकडे आहे, महिना झाला, परत मागितला की म्हणतो पुन्हा वाचतोय.