पोरांच्या शाळेतलं खाऊघर: वर्षभर पैसे भरून झाल्यावर

नागपुरात मानेवाड्यात माझं किराण्याचं दुकान आहे. थोरली मुलगी सातवीत, धाकटा तिसरीत, दोघंही एकाच शाळेत. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही सांगायच्या आहेत आणि त्यातली पहिली शाळेनं ऐकून घेतली आहे. मागच्या जूनच्या शेवटी, आपल्याकडच्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात तेव्हा, तिथे बचत गटाचं खाऊघर सुरू झालं. मी दोन्ही पोरांचं कार्ड काढलं. आता वर्ष झालं, म्हणून लिहितो आहे.

आधी तिथे ठेकेदाराची कॅन्टीन होती. समोसा, आलुबोंडा, वेफर्स आणि थंडगार केशरी पाणी. संत्र्याच्या गावात पोरं संत्र्याच्या रंगाचं पाणी पीत होती याचं मला फार वाईट वाटायचं. तसं पाहिलं तर २०१७ मध्येच राज्य सरकारनं शाळेच्या उपाहारगृहात जंक फूड विकायला मनाई केली होती. पुढे २०२० मध्ये केंद्राचे नियम आले. जास्त तेल, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत तर नाहीच, फाटकापासून ५० मीटरच्या आतही विकायचे नाहीत. आमच्याकडे नियम उशिरा पोचला. समोसा बंद झाला आणि त्या जागी काहीच आलं नाही. मधल्या सुट्टीत भूक तर लागणारच. पोरं शाळा सुटायची वाट पाहायची आणि सुटल्या सुटल्या चौकातल्या दुकानांवर तुटून पडायची. त्यातलं एक दुकान माझं. त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही.

खाऊघराचं मोल मला इथे वाटतं. नुसती बंदी घालून ते थांबलं नाही, पोराच्या हातात गरम ताटली दिली.

सात बाया मिळून ते चालवतात. त्यातल्या तिघींची पोरं त्याच शाळेत आहेत. भिंतीवर एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या, नोंदणीचा नंबर लावलेला आहे, ताटल्या स्टीलच्या आहेत, स्वयंपाक काचेतून दिसतो. स्वच्छतेबद्दल वर्षभरात एकदाही बोलायची वेळ आली नाही.

आठवडा ठरलेला आहे. सोमवारी उकडपेंडी, मंगळवारी मुगाचा चिला, बुधवारी बरबटीची (चवळीची) नाहीतर मटकीची उसळ, गुरुवारी चना-पोहा, शुक्रवारी ज्वारीच्या कण्या आणि ताक. शनिवारी सकाळची शाळा, त्या दिवशी फक्त फळ. दिवाळीच्या आसपास आणि पुढे थंडीत आंबिया बहाराचं संत्र, मधे पेरू आणि बोरं, उन्हाळ्याच्या तोंडी मृग बहाराचं संत्र. रस काढून देत नाहीत, फळच देतात. सुरुवातीला मला वाटलं कंजूषी आहे. नंतर मावशींनी सांगितलं, एका ग्लासात तीन-चार संत्री जातात, चोथा फेकला जातो आणि पोरगं दोन घोटांत संपवतं. सोलून खायला पाच मिनिटं लागतात आणि एकानं पोट भरतं. पटलं.

उकडपेंडीवर थोडं जास्त लिहितो, कारण माझा धाकटा त्याच्यापायी बदलला. हा पोरगा घरी उकडपेंडी म्हटलं की ताट सरकवायचा. आमच्या घरी ती कणकेची होते, कोरडी आणि जास्त तेलाची. इथे ज्वारीचं पीठ मंद आचेवर कोरडंच भाजतात, आठ-दहा मिनिटं तरी, खमंग वास सुटेपर्यंत. फोडणीत मोहरी, जिरं, कढीपत्ता, बारीक चिरलेला कांदा आणि मूठभर शेंगदाणे. मग पाण्याऐवजी आंबट ताकाचा हबका मारून झाकण. काढताना वरून सांबार. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगतो, आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. मी काचेपाशी उभं राहून हे सगळं पाहिलं आहे. घट्ट गोळा होत नाही, दाणा दाणा सुटा राहतो. धाकटा तिसऱ्या सोमवारी घरी येऊन आजीला म्हणाला, "आजी, तू ताक काहून नाही टाकत?" माझ्या आईनं पन्नास वर्षं उकडपेंडी केली आहे. तिला आधी राग आला, मग दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ताक टाकून पाहिलं. तेव्हापासून घरी तशीच होते.

पहिले तीन महिने सगळीकडे नाचणीच नाचणी होती. नाचणीचे लाडू, नाचणीचं धिरडं. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, ते मला मान्य आहे. पण आपल्या भागाचं धान्य ज्वारी. घरोघरी आजीला तिची भाकरी येते आणि माझ्या दुकानात ती नाचणीपेक्षा स्वस्त मिळते. पालकसभेत मी हे बोललो. पोरानं शाळेत खाल्लेलं घरी मागितलं तर आईला ते करता आलं पाहिजे, इतकंच माझं म्हणणं होतं. मावशींनी ऐकलं. दिवाळीनंतर नाचणी महिन्यातून दोनदा आणि बाकी ज्वारी असं झालं. सोबत जवसाची चटणी ठेवायला लागल्या, तीही आपल्याकडचीच.

आता थोरलीचं. मागच्या जुलैत शाळेत तपासणी झाली आणि तिचं हिमोग्लोबिन १०.२ निघालं. तिच्या वयाला १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, सकाळी काय खाते? चहा-पोळी. आमच्याकडे तीन पिढ्या सकाळी चहा-पोळीच खातात. डॉक्टर म्हणाले, जेवणासोबत चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. उलट उसळीवर लिंबू पिळलं की जास्त लागतं. हे खाऊघरात सांगितलं तर मावशी म्हणाल्या, "म्हणूनच तर बुधवारी ताटलीत लिंबाची फोड ठेवतो, पण पोरं फेकून देतात." त्या दिवसापासून त्या स्वतः पिळून देऊ लागल्या. वाढताना डाव्या हातात पळी आणि उजव्या हातात लिंबू. दीड-दोनशे पोरांना दर बुधवारी असं करणं सोपं नाही. माझ्या पोरीला तर नावानं हाक मारून दुसऱ्यांदा वाढायच्या, "खाऊन घे ना बाप्पा, अजून एक पळी." डिसेंबरात हिमोग्लोबिन १२.१ आलं. गोळ्या चालू होत्या, तेव्हा सगळं श्रेय मी उसळीला देत नाही. पण घरात सकाळचा चहा तासभर पुढे गेला, तो माझ्यासकट सगळ्यांचा. तो या खाऊघरामुळेच.

महिन्यातून एका शनिवारी ते घरच्यांना बोलावतात. आई-बाबा, आजी-आजोबा, ज्याला जमेल त्यानं यायचं. पहिल्या दोन शनिवारी फक्त आया आल्या. तिसऱ्यापासून मावशींनी पोरांकरवी निरोप पाठवला की बाबा आले नाहीत तर भाकरी कोण थापणार. मी गेलो. माझी पहिली भाकरी परातीतच फाटली. भंडाऱ्याकडच्या एका आजींनी हात धरून शिकवलं, पीठ गरम पाण्यात मळायचं आणि तळव्यानं मळत राहायचं, घाई करायची नाही. त्याच आजींनी एप्रिलमध्ये चिवळीची पालेभाजी करून दाखवली. दहावीतल्या एका पोराला चिवळ म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्याला जुडी हातात देऊन निवडायला बसवलं.

त्या शनिवारी घरटी तेलाचा हिशेबही विचारतात. कोणाला दाखवायला नाही, आपलं आपण वहीत लिहायचं. आमच्या घरी पाच माणसं आणि महिन्याला पाच लिटर तेल. दुकान आपलंच, त्यामुळे डबा कधी संपला हे कोणी पाहत नव्हतं. आता साडेतीन लिटरवर आलो आहे. रविवारच्या रश्शाची तर्री मात्र मी सोडलेली नाही. बाकीच्या सहा दिवसांचं तळण कमी केलं.

साखरेचा भाग दुकानात घडला. सीबीएसईनं २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं. आमची शाळा स्टेट बोर्डाची, तरी खाऊघराबाहेर तसा फळा लागला. त्याच आठवड्यात थोरली संध्याकाळी दुकानात बसली होती. तिनं फ्रिजमधली २५० मिलीची बाटली काढली, मागचं बारीक वाचलं, १०० मिलीला ११ ग्रॅम. मग साखरेच्या पोत्यातून साखर घेतली आणि तराजूवर, पुडी बांधतो त्या कागदावर, साडेसत्तावीस ग्रॅम मोजली. बाटली बाजूला उभी केली. मला म्हणाली, "बाबा, हे बघा." चमच्यानं मोजली तर सहा चमचे भरले. चहात दोन चमचे टाकले तरी माझी आई ओरडते. तो ढीग मी बराच वेळ पाहत होतो. गिऱ्हाईक आलं तरी तिनं तो हलवू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुढची मांडणी बदलली. पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर भाजलेले चने, मुरमुरे, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू. कुरकुरीत पाकिटं वरच्या फळीवर, बाटल्या आतल्या फ्रिजमध्ये. विक्री आधी घसरली, मग चन्यांनी थोडी भरून काढली. ज्याला हवं तो अजूनही मागून नेतो. पण पाच रुपये घेऊन आलेलं दुसरीतलं पोर आता आधी चने पाहतं.

आता तक्रार. सुरुवातीला वर्गावर्गात डब्याची तपासणी होती. भिंतीवर तक्ता, चांगल्या डब्याला हिरवं टिकलू, नाहीतर लाल. थोरलीच्या वर्गातल्या एका मुलीला एका आठवड्यात तीनदा लाल मिळालं. तिची आई रात्रपाळी करते, सकाळी पोरीच्या हातात बिस्किटाचा पुडाच पडतो. ती पोरगी नंतर जिन्याखाली बसून खाऊ लागली. माझ्या मुलीनं हे रात्री जेवताना सांगितलं आणि माझा घास अडकला. बारा वर्षांच्या पोरीला आपल्या डब्याची लाज वाटावी, असं आरोग्य मला नको. आम्ही चार पालक मुख्याध्यापकांना भेटलो. त्यांनी वाद घातला नाही. सप्टेंबरात तक्ते उतरले आणि शुक्रवारी अंगतपंगत सुरू झाली. सगळे गोल बसतात, डबे मधे, ज्याला जे हवं ते. बिस्किटवाल्या मुलीला खाऊघरातून कण्यांची ताटली मिळते, तिचे पैसे पालकांच्या पेटीतून जातात आणि कोणाचे जातात हे कोणालाच सांगत नाहीत.

दुसरं, वाढण्याचं माप. पहिलीच्या आणि नववीच्या पोराला एकच पळी. सरकारी पोषण आहारातसुद्धा पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवी ७०० आणि २० ग्रॅम, असं वेगळं माप आहे. मोठी पोरं इथून अर्धपोटी निघतात आणि मग बाहेर वडापाव खातात. दोनदा सांगून झालं, अजून बदल नाही. तिसरं, रांग. सुट्टी वीस मिनिटांची आणि खिडकी एकच. धाकट्याचा नंबर लागेपर्यंत दहा मिनिटं गेलेली असतात. उरलेल्या दहा मिनिटांत तो गिळतो, चावत नाही. दुसरी खिडकी काढणं अवघड नाही, शेजारची खोली रिकामी आहे.

पैसे म्हणाल तर ताटली २० रुपये, महिन्याचं कार्ड ४५० रुपये, दुसऱ्या भावंडाला ४००. पोर आजारी पडलं तर ते दिवस पुढच्या महिन्यात धरतात. हा हिशेब त्यांनी एकदाही चुकवला नाही. मी वही ठेवतो, म्हणून सांगू शकतो.

पाचपैकी चार देतो. माप आणि खिडकी सुधारली की पाचवाही देईन.

नव्या सत्राची कार्डं शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात मिळतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तेव्हाच लिहून द्या, उकडपेंडी आणि पोहे दोन्हीत शेंगदाणे असतात. आणि एकदा स्वतः जाऊन खाऊन या, पालकांना बुधवारी साडेअकरानंतर परवानगी आहे. लिंबू मावशी पिळून देतील.