पहिला पिक: योकिच घ्यायचा का वेम्बी?

एनबीएच्या फँटसी बास्केटबॉलमध्ये (खऱ्या खेळाडूंमधून आपली टीम निवडायची आणि त्यांच्या आकड्यांवर खेळायचं) टॉप दोनमधला पिक, म्हणजे पहिल्या दोनात निवडायचा नंबर, लागला की हा प्रश्न येतोच, आणि माझं मत आधीच सांगतो, डेन्व्हरचा निकोला योकिच. २०२४-२५ मध्ये गड्याने सरासरी २९.६ पॉइंट्स, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट (बास्केट करून देणारे पास) काढले, म्हणजे अख्ख्या सीझनचा ट्रिपल डबल (तिन्हींत दहाच्या वर), आणि तेही सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, असून! सेंटरकडून एवढे असिस्ट मिळाले की पुढच्या राउंडमध्ये गार्डच्या (सहसा असिस्ट देणाऱ्या खेळाडूंच्या) मागे धावायला लागत नाही, वर शूटिंगची टक्केवारी ५७ च्या पुढे. ब्लॉक्स (अडवलेले शॉट) मात्र मॅचला एकाच्याही खाली, ते दुसरीकडून भरून काढायचे.

वेम्बीची, म्हणजे सॅन अँटोनियोच्या व्हिक्टर वेम्बन्यामाची, गंमत ब्लॉक्समध्येच आहे, त्याच सीझनला ३.८ ची सरासरी आणि सोबत मॅचला तीनेक थ्री (तीन पॉइंट्सचे शॉट), असं कॉम्बिनेशन दुसऱ्या कोणाकडे नाही, नऊ कॅटेगरीची लीग (रिबाउंड, ब्लॉक्स अशा प्रत्येक आकड्यावर वेगळी चढाओढ) असेल तर ब्लॉक्स तो जवळपास एकट्याने काढून देतो. पण खेळला किती तर ४६ मॅच, खांद्यात रक्ताची गाठ झाली आणि सीझन संपला, योकिच ७० खेळला.

पॉइंट्स लीग (सगळ्या आकड्यांचे मिळून एकच गुण) असेल तर विचारच करू नका, योकिच. कॅटेगरी लीगमध्ये वेम्बी घेणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही, फक्त मग दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला सहसा मॅच न चुकवणारे प्लेयर उचला.