गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह की ड्रॉपबॉक्स? फोनवरून फाइल देणाऱ्या सोलापूरच्या व्यापाऱ्यासाठी

सुताचा भाव हलला की सोलापुरात टॉवेलची रेट लिस्ट हलते. नवी पीडीएफ तयार होते, व्हॉट्सॲपवरून सगळ्या पार्ट्यांना जाते, आणि महिन्याभरानं कलबुर्गीचा एखादा व्यापारी जुनीच यादी पुढे करतो, "मालक, तुमच्याच कागदावर हा भाव आहे की ओ." त्याचं चुकलेलं नसतं. पाठवलेली पीडीएफ म्हणजे त्याच्या फोनमधली त्याची प्रत. व्हॉट्सॲपचं 'डिलीट फॉर एव्हरीवन' जेमतेम दोन-अडीच दिवस चालतं, आणि तोवर ती यादी आणखी कुणाकुणाला पुढे गेलेली असते.

त्यामुळे रेट लिस्ट, डिझाइनचे फोटो, शाळेच्या युनिफॉर्मचे मापाचे तक्ते, जीएसटीची बिलं या गोष्टी फाइल म्हणून पाठवण्याऐवजी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, ठेवून लिंक द्यावी, इथपर्यंत आता बहुतेक जण आलेत. अडतं ते पुढे: ठेवायचं कशात? चाटी गल्लीतलं दुकान असो की अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं युनिट, कॉम्प्युटरवर अकाउंटंट बसलेला असतो आणि मालकाच्या हातात फोन असतो. म्हणून ही तुलना फक्त फोनवरची आहे. कॉम्प्युटरवर काय काय करता येतं, ते इथं मोजलेलं नाही.

बहुतेक जण निवड करतात ती जीबीवर. तो हिशोब उरकून टाकू. फुकटात गूगल 15 जीबी देतं, मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह 5, ड्रॉपबॉक्स 2, आणि आयफोनवाल्यांचं आयक्लाउड 5. गूगलच्या 15 मध्ये जीमेल आणि गूगल फोटोजही मोडतात. जागा भरली की येणारे मेल अडकतात, आणि धंद्याचा मेल अडकणं परवडत नाही. ड्रॉपबॉक्सचं फुकट खातं तीनच उपकरणांवर चालतं. पण रेट लिस्टची शीट आणि बिलांच्या पीडीएफ यांना जागा लागते किती? खरा प्रश्न जागेचा नाही. ही फाइल आत्ता कोणकोण उघडू शकतं हे फोनवर किती पटकन दिसतं, आणि त्यातल्या एकाला बाहेर काढायचं तर किती पटकन काढता येतं, यावर निवड करा.

देताना

गूगल ड्राइव्हमध्ये फाइलच्या शेजारची तीन टिंबं दाबली की 'शेअर' आणि 'मॅनेज ॲक्सेस' हे दोन पर्याय दिसतात. 'शेअर'मध्ये समोरच्याचा जीमेल टाकायचा आणि त्याला काय करू द्यायचं ते ठरवायचं: 'व्ह्यूअर' फक्त बघतो, 'कमेंटर' शेरा मारू शकतो, 'एडिटर' बदल करू शकतो. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. एडिटर केलेला माणूस, तुम्ही वेगळी सेटिंग केली नसेल तर, पुढे आणखी कुणालाही ती फाइल देऊ शकतो. म्हणून पार्टीला कधीही एडिटर करू नका. ज्याला आकडे भरायचे आहेत त्यालाच करा.

दुसरा मार्ग 'जनरल ॲक्सेस'चा. तिथं 'रिस्ट्रिक्टेड' असेल तर फक्त नावानं जोडलेली माणसं फाइल उघडू शकतात. 'एनीवन विथ द लिंक' केलं तर लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला ती उघडते. घाईत सगळे हेच निवडतात, कारण नावानं दिली की फोन येतो: "अण्णा, लिंक उघडंना की." दहापैकी नऊ वेळा कारण एकच असतं. समोरच्याच्या फोनमध्ये दोन-तीन जीमेल असतात. तुम्ही एका पत्त्यावर परवानगी दिलेली असते आणि तो दुसऱ्यावरून उघडत असतो. कित्येकांना तर स्वतःचा जीमेल माहीतच नसतो, कारण फोन घेताना दुकानदारानं किंवा पुतण्यानं तो काढून दिलेला असतो. अशा वेळी त्याला तिथेच 'रिक्वेस्ट ॲक्सेस' दाबायला सांगा. तो ज्या पत्त्यावरून उघडतोय, त्याच पत्त्यासह विनंती तुमच्याकडे येते, आणि तुम्ही फोनवरच 'व्ह्यूअर' निवडून मंजूर करू शकता. पत्ता विचारायचा, स्पेलिंग चुकवायचं, परत विचारायचं, हा सगळा खटाटोप वाचतो.

गूगलची सगळ्यात मोठी बाजू हीच आहे, आणि ती ॲपच्या गुणांत नाही, बाजारात आहे. अँड्रॉइड फोनवाल्या जवळजवळ प्रत्येकाकडे गूगलचं खातं असतं. वनड्राइव्हवर नावानं फाइल दिली की समोरच्यानं मायक्रोसॉफ्टचं खातं शोधायचं, पासवर्ड आठवायचा. विजयपूरच्या गिऱ्हाइकाकडून ही अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. ड्रॉपबॉक्सची साधी लिंक उघडायला खातं लागत नाही, पण शेअर केलेल्या फोल्डरमध्ये सामील व्हायचं तर लागतं.

रेट लिस्टपुरतं बोलायचं तर गूगल शीट्सला तोड नाही. यादी शीटमध्ये ठेवा, पार्ट्यांना व्ह्यूअर म्हणून द्या, आणि सुताचा भाव वाढला की फोनवरून तोच आकडा बदला. लिंक तीच राहते, भाव नवा दिसतो. एक्सेलच्या फाइलवर वनड्राइव्हमध्येही हेच करता येतं. तुमचा सगळा हिशोब आधीपासून एक्सेलमध्ये असेल, त्यात सूत्रं लावलेली असतील, तर ते मोडून शीट्समध्ये नेऊ नका. तिथं वनड्राइव्हच सरस.

बंद करताना

इथं तिन्हींमधला फरक सगळ्यात जास्त दिसतो, आणि नेमकं याबद्दलच कुणी विचारत नाही.

गूगलमध्ये फाइलची लिंक कायम एकच असते. 'एनीवन विथ द लिंक' बदलून 'रिस्ट्रिक्टेड' केलं की बाहेरच्यांना ती लगेच बंद होते. पण सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणासाठी तुम्ही तीच फाइल पुन्हा खुली केली, तर मागच्या वेळी व्हॉट्सॲपच्या गटांत फिरलेली जुनी लिंकही पुन्हा जिवंत होते. कुलूप तेच, किल्लीही तीच. ज्या पार्टीशी व्यवहार तुटला तिच्या चॅटमध्येही ती लिंक पडलेली असते. अशा वेळी फाइलची प्रत काढा ('मेक अ कॉपी' फोनवरही आहे), नव्या प्रतीची लिंक द्या आणि जुनी फाइल कायमची बंद ठेवा.

वनड्राइव्हमध्ये लिंक वेगवेगळ्या काढता येतात: एक फक्त बघण्याची, एक बदल करण्याची. 'मॅनेज ॲक्सेस'मध्ये त्या दिसतात, आणि हवी ती पुसता येते. पुसलेली लिंक मेली. पुढे काढाल ती नवी. ड्रॉपबॉक्सचंही तसंच आहे, लिंक डिलीट करून पुन्हा काढली की पत्ता बदलतो. ज्याची गिऱ्हाइकं सतत बदलतात, त्याला ही सोय गूगलपेक्षा नक्कीच जास्त कामाची आहे.

मुदत आणि पासवर्डाचं काय? ही लिंक पंधरा तारखेला आपोआप बंद व्हावी, असं वनड्राइव्हमध्ये करता येतं, लिंकला पासवर्डही लावता येतो, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्ट 365 या सशुल्क सदस्यत्वाचे पैसे भरलेले असावे लागतात. गूगलमध्ये मुदतीची सोय ऑफिसच्या सशुल्क वर्कस्पेस खात्यात मिळते. आणि ड्रॉपबॉक्समध्ये मुदत, पासवर्ड दोन्ही वरच्या सशुल्क प्लॅनमध्ये. फुकट खात्यावर राहणार असाल तर बंद करण्याचं काम तुमचं तुम्हालाच लक्षात ठेवून करावं लागेल. महिन्यातून एक दिवस ठरवा. जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र भरायची, 11 तारीख झाली की लगेच, असं ठरवलंत तर विसरायला होत नाही.

फोल्डरची गोष्ट

परवानग्यांचा सगळ्यात जास्त घोळ फोल्डरमध्ये होतो. तिन्ही ठिकाणी नियम सारखाच: फोल्डर दिला की आतलं सगळं दिलं, आणि उद्या त्यात जे टाकाल तेही दिलं. 'टॉवेल 2025' नावाचा फोल्डर एका पार्टीला फोटो बघायला दिलेला असतो. पुढे कुणीतरी त्यातच कॉस्टिंगची शीट टाकतं. सूत किती, मजुरी किती, आपल्याला किती सुटतं, सगळं त्या पार्टीला आपोआप उघडं. कुणी लिंक पाठवली नाही, कुणी परवानगी दिली नाही, तरी गेलं. म्हणून बाहेर द्यायचा फोल्डर वेगळाच ठेवा, त्याच्या नावातच 'बाहेर' लिहा, आणि त्यात ठेवायची ती प्रत; मूळ फाइल तिथं नको.

आता गूगल आणि वनड्राइव्ह यांच्यातला एक फरक बघा, जो कामगार सोडून गेल्याशिवाय कुणाला कळत नाही. गूगलच्या साध्या खात्यात, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ज्यानं फाइल टाकली तो तिचा मालक. तुमच्या फोल्डरमध्ये मुनीमजींनी स्वतःच्या जीमेलवरून वर्षभर बिलं टाकली, तर जागा त्यांच्या खात्यातली जाते आणि मालकीही त्यांचीच राहते. ते नोकरी सोडून गेले आणि त्यांनी त्या फाइली पुसल्या, की तुमच्या हातात काही उरत नाही. वनड्राइव्हमध्ये शेअर केलेल्या फोल्डरात पडलेली फाइल फोल्डरच्या मालकाच्या जागेत जाते, म्हणजे तुमच्याकडेच राहते. ड्रॉपबॉक्समध्ये शेअर केलेला फोल्डर त्यात असलेल्या प्रत्येकाच्या कोट्यातून जागा खातो; 2 जीबीच्या फुकट खात्याला ते लगेच जड होतं.

जिथं दोन-चार माणसं मिळून एकाच फोल्डरमध्ये कागद टाकतात, तिथं मी वनड्राइव्हच सुचवेन. गूगलच वापरायचं असेल तर फर्मच्या नावाचं एक जीमेल काढा आणि ऑफिसमधल्या प्रत्येक फोनवर कागद टाकायला तेच खातं वापरा. त्याचा पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याच्या ओळखीसाठी लागणारा नंबर मालकाकडेच असू द्या.

डिझाइन ज्यांचा जीव आहे त्यांच्यासाठी

जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादर आणि टॉवेल विणणाऱ्यांचं दुखणं वेगळं असतं. नमुना बाहेर गेला की आठवड्यात तो दुसऱ्याच्या मागावर दिसतो. गूगलमध्ये व्ह्यूअरला डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी बंद करण्याची सेटिंग फुकट खात्यातही आहे, ती जरूर लावा. पण स्क्रीनशॉट कोण थांबवणार? शेजारच्या फोननं स्क्रीनचा फोटो काढणारा कुठल्याच ॲपला अडत नाही. म्हणून पार्टीला दाखवायचा तो लहान आकाराचा फोटो, त्यावर आडवं फर्मचं नाव, तोही नावानं दिलेला. मागावर चढणारी मूळ फाइल ऑफिस सोडून कुणालाच शेअर करू नका.

उलट दिशेनं, म्हणजे डिझायनरकडून जड फाइली मागवायच्या असतील, तर ड्रॉपबॉक्सची 'फाइल रिक्वेस्ट' फार कामाची आहे. तुम्ही एक लिंक पाठवता, समोरचा त्यावर फाइल टाकतो, त्याला खातं लागत नाही आणि तुमच्या फोल्डरमधलं बाकी काहीही त्याला दिसत नाही. दोन वेगवेगळे डिझायनर एकाच लिंकवर काम टाकतात, तरी एकाला दुसऱ्याचं काम दिसत नाही. फक्त एवढ्यासाठी ड्रॉपबॉक्सचं फुकट खातं काढून ठेवलं तरी चालेल. आलेली फाइल उतरवून घ्यायची आणि तिथून पुसायची, म्हणजे 2 जीबी पुरतात.

काउंटरवरचा फोन

दुकानात एक फोन काउंटरवर पडलेला असतो. गिऱ्हाइकाला फोटो दाखवायला तोच, क्यूआर दाखवायला तोच, आणि पोरगं गेम खेळतं तेही त्याच्यावरच. त्या फोनवर मालकाचं खातं उघडं असेल तर वर लिहिलेल्या सगळ्या परवानग्या व्यर्थ. वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्सच्या ॲपला स्वतःचा वेगळा पासकोड लावता येतो. गूगल ड्राइव्हमध्ये आयफोनवर 'प्रायव्हसी स्क्रीन' आहे, ती चालू केली की ॲप उघडताना चेहरा किंवा बोट मागतं. अँड्रॉइडवर फोनचंच ॲप लॉक वापरावं लागतं. त्यापेक्षा काउंटरच्या फोनवर वेगळं जीमेल ठेवावं आणि त्याला फक्त 'बाहेर'चा फोल्डर व्ह्यूअर म्हणून द्यावा, हे मला जास्त बरं वाटतं.

आयक्लाउडबद्दल एवढंच, की घरात सगळ्यांकडे आयफोन असतील तर ते घरापुरतं उत्तम चालतं. फाइल देताना 'सेंड कॉपी' की 'कोलॅबरेट' हे तिथं स्पष्ट विचारलं जातं, आणि निमंत्रितांपुरती की लिंक असलेल्या कुणालाही, हेही ठरवता येतं. पण पार्ट्यांकडे बहुतांशी अँड्रॉइड असताना धंद्यासाठी ते घेऊ नये.

तेव्हा ज्याचं एकट्याचं दुकान आहे, रेट लिस्ट आणि फोटो एवढंच बाहेर द्यायचंय, त्यानं दुसरीकडे न बघता गूगल ड्राइव्ह घ्यावं. ज्याच्या ऑफिसात एक्सेल आहे, दोन-चार माणसं कागद टाकतात, सीएला दर महिन्याला बिलांचा फोल्डर उघडून द्यायचा आणि काम झालं की मुदतीनं बंद व्हावा असं वाटतं, त्यानं मायक्रोसॉफ्ट 365 चे पैसे भरावेत. ते वसूल होतात. दोन्ही एकत्र वापरायलाही हरकत नाही, पण मग पार्ट्यांचं गूगलवर आणि हिशोबाचं वनड्राइव्हवर अशी वाटणी पक्की ठेवा. आज फोन हातात आहेच, तर ड्राइव्ह उघडून 'टॉवेल', 'रेट', 'युनिफॉर्म' अशी नावं शोधा आणि प्रत्येकाच्या 'मॅनेज ॲक्सेस'मध्ये जाऊन यादी वाचा. मागच्या जूनच्या सीझनला शाळेच्या ऑर्डरसाठी जोडलेली माणसं अजून त्यात असतील, तर आधी ती काढा.