लेदर कोरल वाचवायला गेले आणि ₹१९,२०० घालवून बसले

खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, आजारी पडलं की पाळणारा माणूस सैरभैर होतो आणि ‘बरं करून देतो’ म्हणणारे ठग नेमके तेव्हाच गाठतात. आधी हिशेब देते, कारण ‘थोडेफार पैसे गेले’ असं म्हणून मला हे झाकायचं नाही. ‘तपासणी व पहिली बाटली’ ₹१,८५०. ‘संपूर्ण उपचार संच’ ₹४,२००. ‘रिकव्हरी टँक’ची म्हणे परत मिळणारी अनामत ₹१२,५००. त्या ठगाकडे कोरल पाठवायचा कुरिअर ₹६५०. एकूण ₹१९,२००. टँकमधल्या मेलेल्या क्लीनर श्रिंप (कोळंबीची एक जात), गोगलगायी आणि खुद्द कोरल यांची किंमत यात धरलेली नाही.

माझं कोरल टोडस्टूल लेदर, म्हणजे सार्कोफायटॉन. जाड देठ आणि वर पसरट, मऊ टोपी. पॉलिप, म्हणजे टोपीवरची फुलासारखी बारीक तोंडं, बाहेर येईनात, टोपीवर चकचकीत थर दिसायला लागला आणि टोपीच्या एका दुमडीत तपकिरी, लिबलिबीत डाग पडला. लेदर पाळणाऱ्यांना माहीत आहे की हे कोरल अधूनमधून अंगावर मेणचट पापुद्रा धरतं, कित्येक दिवस मिटून बसतं आणि मग पापुद्र्याबरोबर शेवाळ, घाण सगळं टाकून देतं. तो आजार नव्हे. डाग मात्र खरा होता. त्या बाजूला वेव्हमेकरचा (पाणी हलवणाऱ्या पंपाचा) प्रवाह कमी पडत होता, दुमडीत गाळ साचत होता आणि तिथलं मांस सडत होतं. आज हे दोन वेगळे प्रकार म्हणून सांगता येतंय. तेव्हा दोन्ही एकाच कोरलवर, एकाच वेळी दिसत होतं. ज्याने हे स्वतःच्या टँकमध्ये पाहिलंय त्यालाच ती धास्ती कळेल.

अशात समाजमाध्यमावर हा ‘कोरल डॉक्टर’ सापडला. उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो, व्हिडिओ, खाली धन्यवाद देणाऱ्यांची रांग. पुढची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे: आधी छोटी रक्कम, मग मोठी, मग अनामत, आणि प्रत्येक वेळी घाई. ती पुन्हा समजावून सांगत नाही. मला बोलायचंय ते एका मेसेजबद्दल.

मी फोटो पाठवले. सोबत पाण्याचे सगळे आकडे लिहिले: सॅलिनिटी (खारेपणा) १.०२५, अल्कलिनिटी ८.४ डीकेएच, कॅल्शियम ४२० पीपीएम, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५, तापमान २६. त्यावर त्याचं उत्तर आलं: “ताई, हा आरटीएन आहे. २४ तासांत पूर्ण कोरल जाईल. आत्ता बुक करा.” आणि खाली क्यूआर कोड.

आरटीएन! अ‍ॅक्रोपोरासारख्या दगडी कोरलचं मांस सांगाड्यावरून झपाट्याने सोलून निघतं, त्याला आरटीएन (रॅपिड टिश्यू नेक्रोसिस) म्हणतात. लेदर कोरलला तसा सांगाडाच नसतो. मांसात विखुरलेले चुन्याचे बारीक कण असतात, बस्स. मग मांस सोलून निघणार कशावरून? आणि माझ्या आकड्यांबद्दल अवाक्षर नाही. सॅलिनिटी कशाने मोजली, खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवलाय का, अल्कलिनिटी रोज वर-खाली होते का, प्रवाह कुठून येतो, शेजारी कोणतं कोरल आहे, यातलं काहीही त्याने विचारलं नाही. कोरलचं जो खरंच काही जाणतो तो आधी पाण्याचं विचारतो. तो मेसेज मी पुन्हा पुन्हा वाचलाय आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते. सगळं त्या दोन ओळींत होतं. तिथेच मला उमगायला हवं होतं.

पण मी अडाणीपणाने फसले असं कुणी म्हणू नये. मी वर्षानुवर्षं टँक सांभाळतेय, टेस्ट किट घरात आहेत, मीठ मोजून घालते. ‘२४ तास’ हा शब्द वाचल्यावर डोळ्यांसमोर कोरल विरघळताना दिसत असेल, तर व्याख्या तपासत बसायला कुणाला सुचतं? तो माणूस शब्द आमचेच वापरत होता. औषध चालू असताना कार्बन आणि स्किमर (दोन्ही पाणी स्वच्छ करणारे) बंद ठेवा, असं तो म्हणाला. खरी औषधं वापरतानाही बऱ्याचदा हीच सूचना असते. संशय यावा तरी कुठून?

बाटली आली. निळसर द्रव, घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, फक्त ‘१०० लिटरला १० मिली, रोज’. यातून एक गोष्ट पक्की लिहून ठेवा: घटक लिहिलेले नाहीत ते टँकमध्ये ओतायचं नाही, कोणीही कितीही घाई करो. आधी काचेवरच्या गोगलगायी खाली पडल्या. मग क्लीनर श्रिंप आडव्या झाल्या. मी घाबरून कळवलं, तर म्हणे, “ताई, औषध लागू पडतंय, परजीवी मरताना विष सोडतात. आता पुढचा संच लागेल.” ₹४,२०० तिथे गेले. त्यानंतर, टँक ‘दूषित’ झालाय, टोपी देठापासून कापून आमच्या रिकव्हरी टँकमध्ये पाठवा. अनामत ₹१२,५००, कोरल बरं झालं की परत. मी तेही केलं.

काही दिवसांनी फोटो आला. निळ्या प्रकाशात सगळे पॉलिप फुललेले. माझ्या कोरलच्या कडेला जुन्या कापाची खाच होती आणि फोटोतल्या टोपीची कड सलग गोल होती. खाच कुठे गेली, एवढंच विचारलं. उत्तरादाखल ‘परतीचा जिवंत माल विमा’ म्हणून आणखी ₹८,००० मागितले. मी नकार दिला आणि त्याच संध्याकाळी त्याने मला ब्लॉक केलं.

रीफ टँक (कोरलचा टँक) ठेवणाऱ्या एका मैत्रिणीने तांब्याचं टेस्ट किट आणून दिलं. माझ्या पाण्यात तांबं ०.३ पीपीएम निघालं. माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर, वेगळ्या हॉस्पिटल टँकमध्ये वापरतात तेच तांबं. कोरल, कोळंबी, गोगलगायी यांच्यासाठी ते जहर. आणि पाणी बदलून ते पुरतं जात नाही. लाइव्ह रॉकमध्ये (टँकमधल्या सच्छिद्र खडकांत), वाळूत मुरतं आणि हळूहळू पाण्यात परत येत राहतं. म्हणजे माझ्याच पैशांनी माझाच टँक नासवला गेला. माझा सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आहे. नुसते पैसे घेऊन साधं पाणी पाठवलं असतं तरी श्रिंप जगल्या असत्या.

आता तक्रारीचं ऐका. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, हा अनधिकृत व्यवहार नाही. पेमेंट अ‍ॅपवर तक्रार नोंदवली, तर ‘समस्या सुटली’ असं लिहून त्यांनीच ती बंद केली. कुणाची समस्या सुटली? ज्या समाजमाध्यमावर त्याचं दुकान चालतं त्यांचं उत्तर आलं की आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलेलं नाही. मी टेस्ट किटचे फोटो जोडले होते, दोन टोप्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून खाच दाखवली होती. कुणी उघडून तरी पाहिलं का?

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “मॅडम, हे कोरल म्हणजे दगड का?” मी सांगितलं, प्राणी आहे, जिवंत आहे. “मग प्राणी दगावल्याची तक्रार आहे की पैशांची?” दोन्हीची, म्हटलं. तर दोन्हीसाठी रकाना नव्हता. तिथून ऑनलाइन गुन्हे पाहणाऱ्या शाखेत पाठवलं. तिथे सांगितलं, रक्कम लहान आहे, अर्ज ठेवून जा. पोच मागितली तर साहेब जागेवर नव्हते. ग्राहक तक्रारीसाठी गेले, तर विक्रेत्याचा पत्ता आणि बिल हवं. अहो, पत्ता आणि बिल देणारा असता तर मी इथे आले असते का? एकानेही बाटली बघायला मागितली नाही. प्रत्येकाने मात्र हे विचारलं: “पण तुम्ही पैसे पाठवलेच का?” चोराला कुणी काही विचारायचं नाही आणि उलटतपासणी माझी! ₹१९,२०० ही रक्कम त्यांना लहान वाटते. असे किती जणांचे ₹१९,२०० त्याने खिशात घातले असतील, याचा विचार कुणाच्या टेबलावर होतो?

देठ वाचलाय. तो खडकाला चिकटलेला होता, तो खडकासकट मैत्रिणीच्या टँकमध्ये हलवला. तिने केलं ते एवढंच: सडकी कडा नव्या धारदार पात्याने निरोगी मांसापर्यंत कापली, वेगळ्या भांड्यातल्या टँकच्याच पाण्यात आयोडीन घालून त्यात देठ १०–१५ मिनिटं बुडवला, अप्रत्यक्ष पण जोरकस प्रवाहात ठेवला. शिवाय ताजा कार्बन, कारण जखमी लेदर पाण्यात जी रसायनं सोडतं त्यांचा शेजारच्या कोरलना त्रास होतो. लाइट कमी, हात लावायचा नाही. आता देठाच्या माथ्यावर नवी कड धरू लागली आहे. खर्च जवळजवळ शून्य.

बरं होणं संथ असतं, महिने लागतात. रात्रीत बरं करून देतो म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे ब्लॉक करा. कापलेलं कोरल अनोळखी माणसाकडे कधीही पाठवू नका, त्याने परत केलेलं तुमचंच आहे हे कसं ओळखणार? अंगावरच्या खुणांचे फोटो आधीपासून काढून ठेवा. पापुद्रा दिसला तर आधी प्रवाह वाढवा, थांबा, आकडे तपासा.

त्याचं जुनं खातं आता दिसत नाही, पण तेच फोटो वेगळ्या नावाखाली पुन्हा फिरताहेत. तुम्ही पैसे भरले असतील तर उरलेली बाटली फेकू नका. तिचे थेंब तांब्याच्या किटवर तपासा, व्यवहार क्रमांकासह फोटो काढा आणि लेखी तक्रार द्या. पोच हातात पडेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.