वुस्टर की स्प्रिंगफील्ड: हॉकीचा हंगाम कुणाच्या संघासोबत काढायचा?

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात श्रूजबरी, वेस्टबरो, ग्राफ्टन या पट्ट्यात नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबं पहिल्याच हिवाळ्यात हा प्रश्न विचारतात. साडेचारला अंधार पडायला लागलेला असतो, शनिवार-रविवार घरात बसून मुलं भिंती चढायची बाकी असतात आणि शाळेतून कुणीतरी आइस हॉकीचं वेड घरी आणलेलं असतं. बोस्टन ब्रुइन्सची चौघांची तिकिटं काढायची तर महिन्याचा हिशेब कोलमडतो. मग उरतात हे दोन संघ: वुस्टर रेलर्स आणि स्प्रिंगफील्ड थंडरबर्ड्स. दोघेही एनएचएलच्या, म्हणजे हॉकीच्या सर्वात वरच्या लीगच्या, खालच्या लीगमधले, दोघांचे घरच्या रिंकवर हंगामात ३६ सामने. पास घ्यायचा तर कुणाचा?

मी दोन्हीकडे जाते आणि दोन्ही संघांवर माझा जीव आहे. तरी कुणी विचारलं तर मोघम उत्तर देत नाही. मुलं दहाच्या आतली असतील तर वुस्टर. खेळ समजून घ्यायची हौस असेल, तर स्प्रिंगफील्ड. या उत्तरामागे एक तिसरी गोष्ट आहे, ती बहुतेक लोक बघतच नाहीत: संघाचा मालक कोण, आणि तो राहतो कुठे. ती कळण्यासाठी या दोन शहरांचा इतिहास माहीत हवा.

आधी खेळाचा दर्जा

थंडरबर्ड्स खेळतात अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये. ही एनएचएलच्या बरोबर खालची पायरी. आपल्याकडच्या भाषेत रणजी समजा. आज एनएचएलमध्ये खेळणाऱ्या दहांपैकी जवळपास नऊ जण कधी ना कधी या लीगमधून गेलेले असतात. इथे नियमच असा आहे की सामन्याला उतरवलेल्या १८ स्केटर्सपैकी किमान १३ जण उमेदवारीच्या टप्प्यातले हवेत. त्यामुळे बर्फावर दिसतात ती बहुतेक विशी-बाविशीतली पोरं, आणि प्रत्येकाला वर जायचंय. स्प्रिंगफील्डच्या बाबतीत ‘वर’ म्हणजे एनएचएलमधला सेंट लुईस ब्लूज हा संघ.

रेलर्स ईसीएचएलमध्ये, म्हणजे त्याच्याही खालच्या पायरीवर. इथले खेळाडू आठवड्याच्या पगारावर खेळतात, राहायची सोय संघ करतो, आणि यातून एनएचएलपर्यंत पोहोचणारे असतात तरी ती वाट फार लांबची. फरक डोळ्यांना दिसतो. स्प्रिंगफील्डला पक, म्हणजे खेळातली रबराची चकती, एका काठीवरून दुसऱ्या काठीवर जातो तो ‘टक’ असा एकच आवाज करून. वुस्टरला तोच पास कधी काठीवरून उडतो, कधी स्केटला लागतो, मग त्याच्यासाठी तिघं कोपऱ्यात धडकतात आणि काच थरथरते. नवख्या माणसाला, खरं सांगायचं तर, वुस्टरचा हा गोंधळ जास्त आवडतो. पक तरी नजरेला सापडतो.

स्प्रिंगफील्डचा एक तोटा सांगायलाच हवा. तुमच्या मुलाने ज्याच्या नावाची जर्सी घेतली, तो डिसेंबरात ब्लूजकडे जातो आणि परत येईलच असं नाही. तसं खालून वर जाणं वुस्टरलाही चालतंच, पण तिथे जीव लावलेला खेळाडू त्या मानाने जास्त काळ दिसतो.

शंभर वर्षांचं येणं-जाणं

आता मुख्य गोष्ट. स्प्रिंगफील्डला हॉकीचा संघ आला १९२६ साली. नाव इंडियन्स, ते शहरातच बनणाऱ्या ‘इंडियन’ मोटारसायकलींवरून. रिंक नदीपलीकडे वेस्ट स्प्रिंगफील्डच्या जत्रेच्या मैदानावरचं कोलिझियम. सप्टेंबरात आपण सगळे ‘बिग ई’ला जातो ना, तेच मैदान. मधे काही वर्षांचा खंड पडला, पण १९३६ साली आजच्या एएचएलची मुहूर्तमेढ रोवली गेली तेव्हा स्प्रिंगफील्ड त्यात होतं.

१९३९ साली हा संघ एडी शोअरने विकत घेतला. बोस्टन ब्रुइन्सचा दिग्गज बचावपटू, चार वेळा हार्ट ट्रॉफीचा, म्हणजे एनएचएलच्या सर्वात मोलाच्या खेळाडूच्या किताबाचा, मानकरी. मालक म्हणून मात्र हा माणूस जबरदस्त हेकट. संघाबाहेर बसवलेल्या खेळाडूंना तो खुर्च्या रंगवायला, फुगे फुगवायला लावायचा. गोलीने, म्हणजे गोलरक्षकाने, बर्फावर लोळण घेऊ नये म्हणून सरावात त्याला दोरीने बांधल्याची गोष्ट हॉकीवाले आजही सांगतात. महायुद्धात कोलिझियम लष्कराने ताब्यात घेतलं, तेव्हा १९४२ ते १९४६ संघ इथे नव्हता. १९५१ मध्ये शोअरने तो सिरॅक्यूजला नेला आणि १९५४ मध्ये परत आणला. मग १९६०, ६१, ६२ असे सलग तीन कॅल्डर कप, म्हणजे एएचएलची विजेतेपदं, जिंकले. एएचएलच्या इतिहासात ही हॅटट्रिक दुसऱ्या कुणाला आजवर जमलेली नाही.

आणि १९६६ च्या डिसेंबरात त्याच संघाच्या खेळाडूंनी खेळायला नकार दिला. शोअरने तिघांना बिनपगारी निलंबित केलं होतं आणि बाकीच्यांची सहनशक्ती संपली. त्यांच्या मदतीला टोरांटोचा वकील अ‍ॅलन ईगलसन आला. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, एनएचएलच्या खेळाडूंची संघटना उभी राहिली, तिची ठिणगी या संपातली. एका लहान शहरातल्या दुय्यम संघाने अख्ख्या खेळाचे मालक-नोकर संबंध बदलले. मला स्प्रिंगफील्डबद्दल सगळ्यात जास्त आदर याच गोष्टीचा वाटतो.

पुढे संघ काही वर्षं लॉस एंजेलिस किंग्जकडे होता, तेव्हा नावही किंग्ज झालं. मग पुन्हा इंडियन्स. १९७१, १९७५, १९९० आणि १९९१ अशा आणखी चार कपांनंतर, १९९४ मध्ये संघ उठला आणि ऐंशी किलोमीटरवर, वुस्टरला गेला. म्हणजे आपल्या दोन पर्यायांमधलं एक शहर दुसऱ्याचा संघ घेऊन बसलं.

वुस्टरने त्याचं नाव ठेवलं आइसकॅट्स. अकरा हंगाम झाले. पितृसंघ, म्हणजे ज्याच्यासाठी खेळाडू घडवायचे तो एनएचएलचा संघ, होता सेंट लुईस ब्लूज, आणि २००५ मध्ये संघ पीओरियाला हलला, सेंट लुईसपासून गाडीने तीनेक तासांवर. एक हिवाळा वुस्टर रिकामं राहिलं. २००६ मध्ये सॅन होजे शार्क्सने आपला क्लीव्हलंडचा संघ इथे आणला, वुस्टर शार्क्स म्हणून. नऊ हंगामांनी, २०१५ मध्ये, तोही गेला. त्या वर्षी एएचएलने कॅलिफोर्नियात पॅसिफिक विभाग उभा केला आणि एका झटक्यात पाच संघ तिकडे हलले. कारण समजण्यासारखं आहे: सॅन होजेत सकाळी कुणी जखमी झाला तर बदली खेळाडू वुस्टरहून विमानाने अख्खा देश ओलांडून येणार कधी आणि संध्याकाळी खेळणार कधी? बे एरियातले आपले लोक ज्याला सॅन होजे बॅराकुडा म्हणून टाळ्या वाजवतात, तो हाच संघ.

त्यानंतरचे दोन हिवाळे वुस्टरला व्यावसायिक हॉकी नव्हती. २०१७ च्या ऑक्टोबरात रेलर्स आले. हे नाव शहराच्या रेल्वेच्या इतिहासावरून.

मी मूळची पुण्याची, त्यामुळे हे सगळं मला परकं वाटत नाही. पुणे वॉरियर्स २०११ ला आले आणि २०१३ नंतर उरले नाहीत. रायझिंग पुणे सुपरजायंट तर दोनच हंगामांपुरता होता. २०१७ ची फायनल एका धावेने हरला आणि संपला. ज्या मुलांनी त्या जर्सी घेतल्या होत्या त्यांना काय सांगायचं, हा प्रश्न मी घरात पाहिलाय. म्हणूनच मुलांना संघ निवडून देताना मी एवढी खोलात जाते.

स्प्रिंगफील्डचं वेगळेपण

१९९४ मध्ये इंडियन्स गेले, पण त्याच वर्षी स्प्रिंगफील्डला फाल्कन्स उभे राहिले. पूर्वी याच शहरात गोली म्हणून खेळलेला आणि पुढे संघाचा कारभार पाहिलेला ब्रूस लँडन आणि त्याचा भागीदार वेन लाचान्स यांनी नवा संघ मिळवला. एकही हंगाम चुकला नाही. २०१६ मध्ये अ‍ॅरिझोना कायोटीजने फाल्कन्स विकत घेऊन टूसॉनला नेले, तेव्हा पुन्हा तेच घडलं. गावातले उद्योजक एकत्र आले, त्यांनी मेन राज्यातला पोर्टलंड पायरेट्स हा संघ घेतला आणि तो थंडरबर्ड्स झाला. १९५४ पासून आजपर्यंत स्प्रिंगफील्डने हॉकीशिवाय काढलेला हिवाळा एकच, कोविडचा २०२०-२१ चा. त्या हंगामात रेलर्सही उतरले नव्हते.

पोर्टलंडच्या लोकांचं काय झालं, हेही विसरू नये. मे २०१६ मध्ये त्यांना कळलं की संघ गेला. २०१८ मध्ये अलास्काच्या बंद पडलेल्या संघाच्या जागेवर त्यांना ईसीएचएलचा मेन मरिनर्स मिळाला. एका गावाचा आनंद दुसऱ्याच्या रिकाम्या रिंकवर उभा असतो, आणि स्प्रिंगफील्डला जल्लोष करताना मला ते आठवतं.

आता मालकीचा मुद्दा बघा. थंडरबर्ड्स ब्लूजचे खेळाडू घडवतात, पण संघ ब्लूजच्या मालकीचा नाही. आधी त्यांचा करार फ्लोरिडा पँथर्सशी होता. २०२० मध्ये तो संपला, पँथर्सनी आपले खेळाडू दुसरीकडे हलवले आणि थंडरबर्ड्स जिथे होते तिथेच राहिले. नवा करार ब्लूजशी झाला, आणि २०२१-२२ मध्ये संघ थेट कॅल्डर कपच्या अंतिम फेरीत गेला. शिकागो वुल्व्हजकडून ४-१ ने हरले, पण १९९१ नंतर स्प्रिंगफील्डने अंतिम फेरी पहिल्यांदा पाहिली. सॅन होजेचा संघ सॅन होजेच्या मालकीचा होता, म्हणून सोय बदलताच तो वुस्टरहून निघाला. करार बदलला तर फक्त खेळाडू बदलतात, मालक बदलला तर गाव बदलतं.

रेलर्सचं याच बाबतीत बरं आहे. संघ उभा केला तो क्लिफ रकर या मॅसॅच्युसेट्समधल्याच उद्योजकाने, आणि नुसता संघ नाही, कॅनाल डिस्ट्रिक्टमध्ये सरावाचं दुहेरी रिंकही बांधलं. विटा-सिमेंटमध्ये पैसा घातलेला माणूस सहज उठून जात नाही. तरीही या शहरातून दोन संघ गेलेत, हे मी डोक्यातून काढू शकत नाही.

अंतर, बैठक, मुलं

श्रूजबरीहून वुस्टरचं डीसीयू सेंटर पंधरा-वीस मिनिटं. वेस्टबरो, ग्राफ्टनहून कम्युटर रेल्वेने युनियन स्टेशनला उतरून चालतही जाता येतं, फक्त परतीच्या गाडीची वेळ आधी बघा. स्प्रिंगफील्ड म्हणजे मास पाइकवरून तासभर, आणि बर्फ पडत असेल तर तो तास कधी दीड होतो ते कळत नाही. शुक्रवारी सातचा सामना, ऑफिस सुटल्यावर स्प्रिंगफील्डला वेळेत पोहोचणं मला आजवर दोनदाच जमलंय.

बैठकीचं मात्र उलट. डीसीयूमध्ये हॉकीला बारा हजारांवर माणसं बसू शकतात, त्यामुळे साध्या दिवशी ते अर्धंअधिक रिकामं दिसतं. स्प्रिंगफील्डचं मासम्युच्युअल सेंटर पावणेसात हजारांच्या आसपासचं. ते भरलं की छप्पर हलतं. हॉकीचा माहोल म्हणजे काय, हे पाहुण्यांना दाखवायचं असेल तर मी तिकडेच नेते. दिवसाचा बेत करायचा तर दुपारी बास्केटबॉल हॉल ऑफ फेम आणि संध्याकाळी सामना. बास्केटबॉलचा जन्मही १८९१ मध्ये याच गावात झाला.

लहान मुलांसाठी वुस्टरची बाजू जड का, ते सांगते. माझी मुलगी कॅनाल डिस्ट्रिक्टच्या रिंकवर स्केटिंग शिकत होती, कठड्याला दोन्ही हातांनी धरून. बाजूच्या बर्फावर सराव संपवून निघालेला एक खेळाडू थांबला, गुडघ्यावर बसला आणि तिच्या स्केटची सैल झालेली नाडी ओढून बांधली. वरच्या आकड्यातून दोनदा फिरवून, घट्ट. त्याचं नाव आम्हाला कळलं नाही. ती तेव्हापासून नाडी तशीच बांधते.

प्रॉव्हिडन्स ब्रुइन्सचंही लोक विचारतात. उत्तम संघ, तोही १९९२ मध्ये मेनमधून आलेला. पण ज्यांचं आधीच बोस्टनवर प्रेम आहे त्यांच्यासाठी तो. दक्षिणेला, मिलफर्डच्या बाजूला राहत असाल तर जरूर जा.

तर पहिल्या वर्षी अख्खा पास घेऊ नका. वुस्टरचे पाच-सहा सामने आणि मार्चमध्ये स्प्रिंगफील्डचे दोन असं करा. मार्चमध्ये प्लेऑफची चुरस असते आणि रस्तेही मोकळे होऊ लागतात. दुसऱ्या वर्षी मुलंच सांगतील.

जुन्या इंडियन्सचं काय झालं, हे मुलांनी विचारलं तर तेही सांगा. वुस्टरहून पीओरिया, तिथून २०१३ मध्ये युटिका, २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियातलं अ‍ॅबट्सफर्ड. आज तो अ‍ॅबट्सफर्ड कनक्स आहे. पंजाबी वस्तीचं मोठं गाव. २०२५ चा कॅल्डर कप त्यांनी जिंकला, संघात सरेचा अर्शदीप बैन्स होता, तेव्हा मी तो सामना रात्री जागून पाहिला.

तिकीट काढताना गोलच्या मागची, काचेपासून आठ-दहा रांगा वरची जागा घ्या. अगदी काचेला बसलात तर पलीकडचं काहीच दिसत नाही. बॉक्स ऑफिसला एवढं विचारून घ्या की घरचा संघ तीनपैकी दोन पीरियड कुठल्या गोलवर चढाई करतो. त्या बाजूला बसा, आणि मुलांना हातमोजे घालूनच न्या.