आयनॅचरलिस्ट: अनोळखी सोल्जर फ्लायसाठी कितपत भरवशाचं?

फोटोवरून जिवांची नावं सुचवणारं हे फुकट ॲप सोल्जर फ्लाय (स्ट्रॅटिओमायिडी कुळातल्या माश्या) कुळापर्यंत ओळखायला उत्तम, जीनसपर्यंत, म्हणजे कुळातल्या छोट्या गटापर्यंत, बरं. स्पीशीजचं, म्हणजे नेमक्या जातीचं, नाव मात्र लगेच उचलू नका. पाचपैकी साडेतीन.

ॲप एका वेळी एकच फोटो बघून नावं सुचवतं. ज्या स्पीशीजचे पुरेसे फोटो जमलेले नाहीत, ती सुचवण्यांत येतच नाही. उष्ण कटिबंधातल्या कितीतरी सोल्जर फ्लाय अशाच. मग कंपोस्टच्या डब्याजवळच्या काळ्या लांबट माशीला ब्लॅक सोल्जर फ्लाय, म्हणजे हर्मेशिया इल्युसेन्स, हे नाव सहज चिकटतं. खरी हर्मेशिया 15 ते 20 मिमी, पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या, पायांची टोकं पांढरी, मिशांचं शेवटचं पेर लांब आणि चपटं. हे सगळं जुळलं तरच नाव मान्य करा.

म्हणून वरच्या बाजूने एकच फोटो काढून भागत नाही. माशी मरगळेपर्यंत डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि आलेखाच्या कागदावर घ्या. वरून, बाजूने, समोरून चेहरा, मिशा आणि पसरलेला पंख असे पाच फोटो एकाच नोंदीत टाका. दुसऱ्या माशीचा फोटो त्यात मिसळू नका. टाकण्याआधी माशीभोवती क्रॉप करा, सुचवण्या लगेच सुधारतात. फ्लॅश नको, चमकदार हिरवा-निळा रंग पांढरा फटक पडतो. हिरव्या ओडोंटोमायियाचा (हाही सोल्जर फ्लायचा एक जीनस) रंग वाळल्यावर उतरतो, तेव्हा फोटो ताजेपणीच.

पंखात शिरा पुढच्या कडेकडे दाटलेल्या आणि मधली डिस्कल सेल, म्हणजे शिरांनी वेढलेला कप्पा, छोटी असली की कुळ स्ट्रॅटिओमायिडी. मग छातीच्या मागचा त्रिकोणी तुकडा, स्क्युटेलम, पाहा: काटे नाहीत, दोन आहेत की चार किंवा जास्त? हर्मेशियाला काटे नसतात, ओडोंटोमायियाला दोन. कुजक्या फळांवरची पिवळसर, गांधीलमाशीसारखी माशी टेक्टिकस जीनसची असेल तर मिशीच्या दुसऱ्या पेराला आतून अंगठ्यासारखा फुगवटा पुढे आलेला दिसतो; तिच्यासारख्याच सार्गस जीनसला तो नसतो. 10 पटीचं भिंग असेल तर हे घरीच कळतं. सालीखालच्या बारक्या काळ्या पॅकिगॅस्ट्रिनींना (याच कुळातला एक उपगट) मात्र मायक्रोस्कोपच लागतो.

ओळख स्वतः देताना खात्री असेल त्याच पातळीवर थांबा. जीनस कळला नाही तर 'स्ट्रॅटिओमायिडी' लिहिणं काही कमीपणाचं नाही, उलट या कुळाचे जाणकार त्या नावानेच नोंदी गाळून बघतात. ॲपवर ओळख पक्की मानल्याचा 'रिसर्च ग्रेड'चा शिक्का दोघांच्या एकमतानेही लागतो, आणि दुसऱ्याने सुचवणीवर फक्त 'ॲग्री' दाबलेलं असू शकतं. ओळख देणाऱ्याच्या प्रोफाइलवर जाऊन त्याने याच कुळाच्या किती माश्या ओळखल्यात ते बघून घ्या.

आयनॅचरलिस्टचंच दुसरं ॲप 'सीक' यासाठी घेऊ नका. जागच्या जागी नाव मिळतं खरं, पण ते तपासायला पुढे माणूस नाही. नमुना 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, आणि पेन्सिलीने तारीख व ठिकाण लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आतच टाका. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.